समिधा आणि सचिवसाहेब

आमच्या सचिवसाहेबांनी आयुष्यात कोणाजवळ कधी काही मागितले नाही. वाचणाऱ्याचा गैरसमज होऊ नये म्हणून लगेच स्पष्ट करतो की हा त्यांच्या वैराग्याचा गौरव नव्हे. ते मागत नसत, सांगत. वाचनालयात शिरताच "पानी" एवढाच शब्द उच्चारून हात पुढे करीत, आणि पेला येईपर्यंत तो हात तसाच अधांतरी राही. एकदा महाशिवरात्रीला तलावाच्या पाळीवरील महादेवाच्या देवळात ते माझ्या शेजारी उभे होते. मी डोळे मिटले, तोच कानावर आले, "पोराची बदली रायपूरले झाली पाहिजे. याच महिन्यात." घंटा वाजवून ते निघूनही गेले. ईश्वराला मुदत घालून देणारा मनुष्य मी तोवर पाहिला नव्हता. बदली झाली, तीन वर्षांनी. ज्याच्या ठायी अपार धीर आहे तो अशा माणसालाही देतो, एवढेच मी त्यावरून शिकलो.

ते अर्जुनी मोरगावच्या आमच्या लहानशा वाचनालयाचे सचिव होते. त्यापूर्वी कुठल्याशा सरकारी कचेरीतून निवृत्त झाले होते आणि कचेरी सुटली तरी खुर्ची त्यांच्यातून सुटली नव्हती. वाचनालयाचा रबरी शिक्का ते स्वतःच्या बुशशर्टाच्या खिशात बाळगीत, तो दुसऱ्या कोणाच्या हाती लागू नये म्हणून. त्यामुळे त्यांच्या प्रत्येक सदऱ्यावर हृदयाच्या जागी एक जांभळा डाग असे. मला ते आवडत नसत. या वयात खोटे लिहिण्याचे काही कारण उरत नाही.

तरीही माझे त्यांच्याशी काम पडले, आणि ते काम माझ्या प्राणांशी निगडित होते. माझ्या आचार्यांनी आयुष्यभर खपून एक वनस्पतिकोश सिद्ध केला होता. ग्रंथांतले संस्कृत नाव, त्यापुढे देवरी-सालेकशाकडची माणसे त्या झाडाला काय म्हणतात ते, आणि त्याचे गुणदोष. मोहाची फुले वेचणाऱ्या बायांमागे आणि तेंदूची पाने तोडणाऱ्यांमागे हिंडून त्यांनी ही नावे मिळवली होती. पहिल्या भागात वृक्ष होते, दुसऱ्यात वेली आणि झुडपे. अंथरुणाला खिळल्यावर ते मला म्हणाले होते, "हे माझ्या नावासाठी नव्हे. जंगलात जाणाऱ्या माणसाच्या हाती पडले पाहिजे. विषारी कंद कोणता, हे त्याला कळले पाहिजे." मी होय म्हटले. आचार्य गेले. हस्तलिखित वाळवीने खाल्ले. उरली ती त्यांनी हयातीत टंकलिखित करवून घेतलेल्या पहिल्या भागाची संगणकाची तबकडी आणि त्याच भागाची छापून काढलेली अठ्ठावीस पाने. दुसऱ्या भागाच्या तबकडीचा पत्ता नव्हता. तबकडी वाचनालयाच्या संगणकात घातली, तर पडद्यावर उलटसुलट चिन्हांचा केरकचरा उमटला. जुन्या फॉन्टमध्ये टंकलेले मराठी नव्या संगणकाला वाचता येत नव्हते. मी पडद्यापुढे बसून राहिलो.

"पंडितजी, तुमी कायले चिंता करून राहिले?" सचिवसाहेब म्हणाले. "इंटरनेटवर फोरम राहते. मोठमोठ्या कंपन्यांतले पोट्टे तिथं फुकट बसून राहतेत. आपन सांगाचं, त्याईनं कोड लिहून द्याचा. संपलं!"

त्यांनी तिथल्या तिथे इंग्रजीत प्रश्न लिहिला. आमच्या ग्रंथपाल मेश्रामबाईंनी तो मला मराठीत वाचून दाखवला, तो असा: 'तातडीचे. जुन्या फॉन्टचे नव्यात रूपांतर करणारा संपूर्ण कोड आज संध्याकाळपर्यंत द्यावा. कोड चालता असावा. सल्ला नको.'

"साहेब," मेश्रामबाई म्हणाल्या, "हे आपल्या घरचे गडी होत का जी?"

"तुमी गप रहा. काम असंच करून घ्या लागते."

संध्याकाळपर्यंत तीन उत्तरे आली. एकाने विचारले होते, तुम्ही स्वतः काय करून पाहिले? दुसऱ्याने म्हटले होते, मजकुराचा नमुना द्या. चुकीची ओळ आणि तिच्यासमोर बरोबर ओळ. तिसऱ्याने फोरमचे नियम वाचण्याची नम्र विनंती केली होती. सचिवसाहेबांचा चेहरा खिशावरच्या डागाच्या रंगाचा झाला. "मले उलटे प्रश्न? मी काय करून पाहिलं हे विचारनारे हे कोन? मले येत असतं तं याईले कायले सांगितलं असतं?" त्यांनी उत्तर धाडले, 'ज्यांना येत नाही त्यांनी मध्ये बोलू नये.' हे ज्याला लिहिले, तो गृहस्थ तिथे कित्येक वर्षे लोकांच्या अडचणी सोडवीत आला होता, असे बाईंनी मागाहून सांगितले. दुसऱ्या दिवशी प्रश्नाला कुलूप लागलेले होते, म्हणजे तिथे आता कोणालाही उत्तर देता येणार नव्हते.

मला त्या तीन अनोळखी माणसांविषयी आदर वाटला. आमच्या पाठशाळेत आचार्यांना शंका विचारायची तर रिकाम्या हाताने जाता येत नसे. रानातून पळसाच्या समिधा आणाव्या लागत. चार वाळक्या काटक्या. आचार्यांना त्यांची गरज होती असे नव्हे, लाकूडफाटा त्यांच्याकडे पुष्कळ होता. पण काटक्या वेचताना विद्यार्थी आपल्या शंकेचा विचार करी, आणि पुष्कळदा अर्धी शंका रानातच फिटे. उरलेली घेऊन तो दाराशी येई, तेव्हा आचार्यांना कळे की हा चालून आला आहे. फोरमवरची ती माणसे दुसरे काय मागत होती? दोन-चार काटक्याच ना? सचिवसाहेबांना त्या काटक्यांत अपमान दिसला.

मी आणि मेश्रामबाई आठ दिवस बसलो. छापील पानांवरून आम्ही चाळीस ओळी उतरवल्या. डावीकडे केरकचरा, उजवीकडे शुद्ध मजकूर. वर मी चार ओळींचे अभिवादन लिहिले होते आणि आम्ही काय करून पाहिले, कुठे अडलो, तेही. फोरमवर खाते मात्र सचिवसाहेबांचे, म्हणून नमुना त्यांच्या हाती द्यावा लागला. त्यांनी माझे अभिवादन खोडून टाकले. "नमस्कार-चमत्कार कायले पाहिजेत? टाइम जाते." नव्या प्रश्नाच्या शीर्षकात त्यांनी पुन्हा 'तातडीचे' घातले.

तरीही उत्तर आले. देणाऱ्याचे नाव कळण्यासारखे नव्हते. नावाच्या जागी चहाच्या किटलीचे एक चित्र होते, म्हणून आम्ही त्याला किटलीवाला म्हणू लागलो. त्याने कोड तर दिलाच, शिवाय प्रत्येक पायरीखाली ती का आहे, हे लिहिले. शेवटी असेही लिहिले होते की, दुसऱ्या फॉन्टमधला मजकूर पुढे मिळाला तर सगळे नव्याने करू नका, जुनी-नवी अक्षरे मांडलेली अमुक एक सारणी बदला, ती अशी बदलावी. उत्तम अध्यापकाचे लेखन कसे असावे, याचा तो नमुना होता. सचिवसाहेबांच्या लॅपटॉपवर पहिला भाग त्यातून काढला आणि मेश्रामबाई म्हणाल्या, "पंडितजी, वाचा." मी वाचले, "अर्जुन. देवरीकडे कौहा म्हणतात." ओढ्याकाठी त्या झाडाच्या खोडावर हात ठेवून आचार्य हेच वाक्य बोलले होते, आणि मी शेजारी उभा होतो.

एवढ्यात सचिवसाहेबांचे टंकणे सुरू झाले होते. मला वाटले, आभार मानीत असावेत. त्यांनी लिहिले होते, 'आता याचे मोबाइल ॲप करून द्यावे. वर आमच्या वाचनालयाचे नाव यावे. सोमवारपर्यंत.' किटलीवाल्याने शांतपणे कळवले, 'पद्धत दिली आहे. पुढचे करून पाहा. अडलात तर लिहा.'

"पाहा!" सचिवसाहेब माझ्याकडे वळून म्हणाले. "अर्ध्यातच पळाला."

"साहेब, हा कोड जपून ठेवा," बाई म्हणाल्या.

"कायले? फोरमवर आहेच ना. जाते कुठं?"

पहिल्या भागाच्या प्रकाशनाला वाचनालयाच्या अंगणात मांडव घातला होता. सचिवसाहेब सत्तावीस मिनिटे बोलले. 'हे तंत्रज्ञान मी माझ्या माणसांकडून विकसित करून घेतले' असे त्यांनी सांगितले आणि टाळ्या स्वीकारल्या. आचार्यांचे नाव त्यांनी दोनदा घेतले, दोन्ही वेळा चुकीचे. बाई माझ्या कानाशी कुजबुजल्या, "त्याइची मानसं म्हंजे किटली." मी सभेत सहसा हसत नाही.

पावसाळ्यानंतर आचार्यांच्या कन्येने देवरीहून निरोप धाडला की, ट्रंकेत दुसऱ्या भागाची तबकडी सापडली आहे. मी बसने जाऊन ती छातीशी धरून आणली. हा भाग दुसऱ्या कोणी टंकला होता, फॉन्ट निराळा होता. पण चिंता कसली? किटलीवाल्याने सारणी बदलण्याची रीत लिहूनच ठेवली होती. बाईंनी फोरम उघडला. प्रश्न सापडेना. उत्तरही सापडेना.

"ते मी काढून टाकलं," सचिवसाहेब म्हणाले.

"काढून टाकलं?" मी विचारले.

"मंग! आपलं काम झालं होतं. उद्या दुसऱ्या वाचनालयवाल्यानं तिथून उचललं असतं. आपली मेहनत, अन् त्याइचं नाव!"

त्या फोरमवर प्रश्न काढला की त्याखालची उत्तरेही जात. आणि कोड जपून ठेवलेला नव्हता. का, तर तो फोरमवर होताच. स्वतःची विहीर बुजवून शेजाऱ्याला पाणी मिळू दिले नाही म्हणून समाधान पावलेला माणूस मी त्या दिवशी पाहिला. एक परका मनुष्य स्वतःचा वेळ वेचून, कोणाही अडलेल्यासाठी वाटेवर दिवा ठेवून गेला होता. तो आमच्या माणसाने फुंकला, आणि मागे येणारे पहिले आम्हीच निघालो.

"टेन्शन नका घेऊ," ते म्हणाले. "पुन्हा टाकून देतो. यावेळी दोनदा अर्जंट लिहितो."

"तीनदा लिहा जी," मेश्रामबाई म्हणाल्या. "पोट्टे फुकटच बसून राहतेत."

त्यांनी खरोखरच दोनदा लिहिले. सायंकाळी फोरमने त्यांचे खाते बंद केले. सचिवसाहेबांनी त्याचे खापर देशातील एकंदर परिस्थितीवर फोडले आणि शिक्का चाचपीत ते घरी गेले.

तेव्हा शहात्तराव्या वर्षी मी फोरमवर माझे खाते उघडले. परंतु समिधा कुठून आणणार? दुसऱ्या भागाचे एकही छापील पान नव्हते. केरकचऱ्याशेजारी ठेवायला शुद्ध मजकूर तर हवा. तेव्हा मला माझीच विद्या आठवली. तरुणपणी आचार्यांनी या भागातील पुष्कळ नोंदी मला पाठ करायला लावल्या होत्या. आमच्याकडे पाठ झाल्याशिवाय काही शिकले असे धरतच नसत. मी स्नान करून आलो, वाचनालयाच्या ओट्यावर बसलो आणि म्हणू लागलो. गुडूची, म्हणजे गुळवेल. लाङ्गली, म्हणजे कळलावी. फूल देखणे, कंद विषारी. शतावरी. बाई लिहीत गेल्या. मग पडद्यावरील ओळींची लांबी आणि शब्दांची संख्या ताडून प्रत्येक नोंदीची जोडी त्यांनी शोधून काढली. चार दिवसांत तीस जोड्या झाल्या. दोन नोंदींत माझे स्मरण डळमळले; तिथे मी 'येथे खात्री नाही' असे लिहिले. शेवटी लिहिले की, यापूर्वी आपण दिलेले उत्तर आमच्यातील एकाने काढून टाकले. अपराध आमचा आहे. उत्तर मिळाले नाही, तरी तक्रार राहणार नाही.

तीन दिवस काही आले नाही. मी पूजेत बसे आणि मन संगणकाकडे धावे. त्याबद्दल देवाची क्षमाही मागितली. चौथ्या दिवशी बाईंनी मला घरून बोलावून घेतले. पडद्यावर किटली होती. नवा कोड होता आणि त्याखाली स्पष्टीकरण होते, पहिल्याहूनही सविस्तर. खात्री नसलेल्या दोन्ही जागा त्याने बाकीच्या ओळींवरून लावून दाखवल्या होत्या. सर्वांत खाली एकच वाक्य होते: 'या खेपेस कृपा करून राहू द्या.'

ते तिथे आहे. जो कोणी जुन्या अक्षरांत अडकला असेल त्याला सापडेल. कोडाची एक प्रत बाईंनी वाचनालयात जपली आहे, एक माझ्या कपाटात आहे. दुसरा भाग गेल्या वर्षी छापला. पहिली प्रत मी आचार्यांच्या कन्येला दिली आणि दुसरी सालेकशाच्या एका वैदूला. त्याने कळलावीचे पान उघडून घेतले आणि तिथे बोट ठेवूनच तो गेला.

सचिवसाहेब त्यापूर्वीच मुलाकडे रायपूरला राहायला गेले होते. निरोप द्यायला मी स्टेशनवर गेलो होतो. गाडी हलली तेव्हा खिडकीतून त्यांनी शिक्का माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "दुसऱ्या भागात माहं नाव आलं पाहिजे." मी शिक्का घेतला. ऋणनिर्देशात मेश्रामबाई आहेत. 'ज्यांचे नाव ठाऊक नाही, ज्यांच्या चित्रात किटली आहे, ते' आहेत. सचिवसाहेब नाहीत.

पुस्तक पोहोचताच त्यांचा फोन आला. "पंडितजी, माहं नाव नाही त्यात. दुरुस्ती करून टाका. याच महिन्यात."

"मागा," मी म्हणालो.

"काय मागू?"

"नाव. एकदा मागून पाहा. मी देईन."

पलीकडून फोन बंद झाला.

खाते त्यांचे होते, पहिला प्रश्न त्यांचा होता, हे मी नाकारीत नाही. पुढच्या आवृत्तीच्या ऋणनिर्देशात मी एका ओळीची जागा मोकळी ठेवायला सांगितली आहे. त्याला आता आठ महिने होतील. त्यांनी अजून मागितलेले नाही.