प्रभूच्या मडक्यातली पेज

आईला पटकी झाली त्या दुपारी वाडीतल्या लोकांनी करवंदीच्या काट्या टाकून आमची वाट बंद केली. बाबा बोटीवर होते. घरात मी नऊ वर्षांची आणि तीन वर्षांचा भाऊ. तांदळाचा कण नव्हता. आईचे डोळे खोल गेले होते आणि मी तिच्याजवळ जायला भीत होते.

दगडी गडग्यापलीकडे एक ख्रिस्ती बाई एकटी राहायची. मला ती आवडत नसे. आधी खाकरायची, मग बोलायची, आणि प्रत्येक गोष्टीला "देव पुरवील" म्हणायची. रोज रांधण्याआधी मापलेल्या तांदळातली एक मूठ ती वेगळ्या मडक्यात टाकी. ती प्रभूची मूठ. रविवारी ते तांदूळ ती प्रार्थनेला नेई. स्वतःला दोनच मुठी उरल्या तरी हे चुकत नसे.

त्या दुपारी ती गडगा चढून आमच्याकडे आली. हातात मीठ घातलेली पेज होती.

"प्रभूच्या मडक्यातली आहे," ती म्हणाली. "घरात दुसरे तांदूळ नाहीत."

आई पुटपुटली, "तुझ्या हातचं नको गो. बाटेन."

ती खाकरली. "आधी जग गो बाय, मग बाट. मलाही भय वाटतंय. तोंड उघड."

पाच दिवस ती रोज आली. उंबऱ्याबाहेर डोळे मिटून उभी राही, मगच आत शिरे. रविवारी ती रिकामं मडकं घेऊन प्रार्थनेला गेली.

भाऊ त्या रविवारच्या आधीच पटकीने गेला होता. आई वाचली, मी वाचले, आणि ती बाईही वाचली.