कुंडीजवळ थाळी नको

आमच्या अहेरीच्या ऑफिसातला माळी प्रत्येक फुलाला विचारतो, “तू आधी कोन होता?” चूक माझीच. हायसिंथचा कंद देताना मी त्याला ग्रीक गोष्ट सांगितली: देवाने फेकलेली चकती लागून एक पोरगा मेला, त्याच्या रक्तातून हे फूल उगवलं. तेव्हापासून कुंडीजवळ थाळी नेली की तो ओरडतो, “साहेब, लपवा! पोरगं भेते.”

तो धानकापणीला गावी गेला, तेव्हा माझ्या हातून पाणी जास्त होऊन कंद सडला. मी गुपचूप कांदा लावला. परत आल्यावर तो त्यालाच जपत राहिला. फाल्गुनात पातीवर फुलांचा गोंडा आला, तेव्हा मी कबूल केलं.

“पातीच्या वासानंच समजलं होतं,” तो म्हणाला. “पन हा आधी कोन होता, ते सांगा ना.”

माझ्या डब्यात कांद्याची भाजी होती. मी झाकण उघडलं नाही.