नाण्यावरची दुहेरी अक्षरं

लग्नानंतर थोड्याच वर्षांत माझ्या पाठीच्या मणक्याला क्षय झाला. मुंबईच्या डॉक्टरांनी माझ्या पाठीच्या मापाचा प्लॅस्टरचा साचा करून दिला आणि त्यात उताणं पडून राहायला सांगितलं. किती महिने, ते विचारलं तर म्हणाले, बघू.

आम्ही तेव्हा पनवेलला टपाल नाक्याजवळ दोन खोल्यांत राहत होतो. हे भाताच्या गिरणीत कारकून होते. सकाळी जायचे ते दिवेलागणीला यायचे, कपड्यांवर कोंड्याची धूळ. दिवसा माझं सगळं करायला करंजाड्याहून एक बाई यायची. तिच्या घरच्यांचं मिठागर होतं. ती अंग पुसायची, भरवायची, इंजेक्शनाची वेळ लक्षात ठेवायची. दुपारी ती भिंतीशी लवंडली की मी आढ्याकडे बघत पडायची. वाचायला आवडायचं, पण उताण्या माणसाला पुस्तक डोळ्यांसमोर धरवत नाही. दोन पानांत हात भरून यायचे आणि पुस्तक तोंडावर पडायचं.

शेजारी एक वृद्ध बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, गृहस्थ राहत. आम्ही त्यांना काका म्हणायचो. टाकसाळीत नोकरी करून निवृत्त झालेले, बायको वारलेली, मुलगी आणि जावई इस्राएलला गेलेले. ते चौकशीला यायचे, खुर्ची ओढून बसायचे. माझी पुस्तकाची तक्रार ऐकून एकदा त्यांनी घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं भिंग आणि एक भोकाचा पैसा माझ्या हातात दिला.

"हे जड नाही होणार," ते म्हणाले. "भोक बघ. मधोमध आहे का?"

नव्हतं. एका बाजूला सरकलेलं होतं. इतकी वर्षं भोकाचे पैसे हाताळले, पण मी कधी पाहिलं नव्हतं.

असं ते सुरू झालं. नवे पैसे नुकतेच निघाले होते आणि जुनी नाणीही चालत होती. हे गिरणीतून नोट देऊन जुनी चिल्लर घेऊन यायचे, मी ती बघायची, दुसऱ्या दिवशी ती परत जायची. कडेला चंद्रकोरीसारखा तुकडा कमी असलेलं नाणं, छाप एका अंगाला घसरलेलं नाणं, हे मला लवकर ओळखू येऊ लागलं. अवघड होती ती दुहेरी अक्षरं.

"दुहेरी दिसलं की लगेच हुरळून जायचं नाही," काका सांगायचे. "नाण्यावर छाप मारायचा पोलादी ठसा घडवतानाच त्यावर अक्षर दोनदा, थोडं सरकून उठलं असेल, तर दुसरं अक्षरही पहिल्याइतकंच उंच असतं, गोलसर. टोकाला दोन अक्षरं फुटलेली दिसतात, मध्ये बारीकशी खाच. त्या ठशातून निघालेल्या प्रत्येक नाण्यावर ती तशीच येणार. पण ठसा चांगला असून यंत्रात नुसता सैल बसला असेल, तर छाप मारताना तो हलतो आणि अक्षराची कड दाबतो. तिथं सपाट पायरी होते, आणि मूळ अक्षर बारीक होतं."

"आणि झिजलेलं असेल तर?"

"झिजलेलं अक्षर फुगतं, पसरतं. त्याला पायरीही नसते, खाचही नसते. उजेड बाजूनं घे, म्हणजे कळेल."

मी खिडकीकडे हात करून नाणं तिरकं धरायची. शनिवारी काका नाण्याला हात लावत नसत, तो त्यांचा पाळायचा दिवस. मग मी नाणं धरायची आणि ते मान वाकवून बघायचे. पुढे पुढे त्यांना माझ्या सांगण्यावरच भागवावं लागायचं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता.

करंजाड्याच्या बाईला हे सगळं वेडेपण वाटायचं. "वयनी, त्या पैशांत काय बघता तुमी? पैसा तो पैसाच हाय."

"चुकलेले शोधते गं."

"चुकलेला पैसा बाजारात चालत नाय?"

"चालतो ना."

"मंग?" ती म्हणायची आणि उत्तराची वाट न बघता तांब्या उचलून जायची. शोधून सापडायचं फार थोडं. बहुतेक नाणी नुसती झिजलेली असायची. पण ती बघत असताना पाठ दुखतेय हे थोडा वेळ विसरायला व्हायचं.

एका दुपारी काका सुती फडक्यात गुंडाळलेलं पाव आण्याचं नाणं घेऊन आले. मी त्यांच्याकडे खूप नाणी पाहिली होती, हे कधी दाखवलं नव्हतं.

"हे मी ज्या यंत्रावर काम करायचो तिथलं," ते म्हणाले. "राजाच्या नावाची अक्षरं दुहेरी आहेत. ठशातलीच चूक. मुलीनं मला बोलावून घेतलंय, आता जावंच लागेल. हे नातवाला देणार आहे. त्याआधी तू एकदा बघ. मला आता नुसता डाग दिसतो."

त्या दिवशी मला कणकण होती. भिंग डोळ्यात बसवून मी नाणं खिडकीकडे फिरवलं. अक्षरांच्या एका बाजूला सपाट कड होती आणि अक्षरं बारीक झाली होती. टोकाला खाच नव्हती. मी नाणं उलट बाजूनं फिरवून पुन्हा पाहिलं.

"काका, पायरी आहे."

"नीट बघ. डावीकडून उजेड घे."

"घेतला."

"खाच असेल. शेवटच्या अक्षराला बघ."

"नाही हो काका. सपाट आहे."

त्यांनी हात पुढे केला. मी नाणं तळव्यावर ठेवलं. ते त्यांनी फडक्यात गुंडाळलं आणि "पड आता, दमलीस," म्हणून निघून गेले. पुढे कितीतरी दिवस ते आले नाहीत.

ह्यांना सांगितलं तेव्हा हे सदऱ्याची बटणं काढता काढता थांबले. "खाच आहे म्हणायचंस. जाणारं माणूस आहे."

"मग इतके दिवस मी जे सांगितलं त्याला काय अर्थ राहिला?"

ह्यांनी सदरा खुंटीला टांगला. खरं तर तेवढंच कारण नव्हतं. खोटं बोललं की ते पुढे सांभाळावं लागतं आणि माझ्यात तेवढं त्राण नव्हतं.

काकांनी मुंबईला जाऊन एका डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं. परत आले ते जाड काचांचा चष्मा लावून. त्या काचांमागे त्यांचा डोळा मोठा आणि ओलसर दिसत होता. आमच्याकडे आले तो शनिवार होता. ते नेहमीसारखे खुर्ची ओढून बसले.

"काल पाहिलं मी," ते म्हणाले. "पायरीच आहे."

मी मान त्यांच्याकडे वळवली.

"त्या वेळी कामावर सगळ्यांना सांगत सुटलो होतो की ठसा घडवणाऱ्यांनी घोळ केलाय. मोठमोठ्यानं. ठसा यंत्रात घट्ट बसलाय की नाही, ते बघणं माझं काम होतं."

"इतक्या नाण्यांत एखाद्या वेळी होतं, काका."

"होतं," ते म्हणाले. "कोणी उलटून बोललंसुद्धा नाही मला. सगळ्यांना ठाऊक असणार."

बाईनं चहा आणून दिला. त्यांनी तो बशीत ओतून सावकाश संपवला. नातवाला नाणं देणार का, हे मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

ते इस्राएलला गेले तेव्हा मी साच्यातच होते. दारातून आत येऊन त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, हिब्रूत काही पुटपुटले आणि भिंग माझ्याकडेच ठेवायला सांगितलं. बाहेर ह्यांनी त्यांची ट्रंक टांग्यात चढवल्याचा आवाज मला ऐकू आला. नंतर त्यांची काही खबर आली नाही. आम्हीही कुठे विचारणार होतो.

ते गेल्यावर मी फार नाणी पाहिली नाहीत. सापडलेलं सांगायला कोणी नव्हतं, आणि जुनी चिल्लरही हळूहळू कमी होत गेली. ह्यांनी एकदा विचारलं, "आणू का?" मी म्हटलं, राहू दे.

पुढच्या हिवाळ्यात डॉक्टरांनी साचा काढायची परवानगी दिली. करंजाड्याच्या बाईनं माझ्या काखेत हात घालून मला उठवलं आणि भिंतीला टेकवून बसवलं. घेरी आली. डोळे उघडले तर खोली भलतीच लहान वाटली, आणि दाराबाहेरचा रस्ता भिंतीसारखा उभा दिसला.

"बरा वाटता?" तिनं विचारलं.

"दमले."

"बसल्या बसल्या?" ती हसली आणि माझ्या पाठीमागे उशी सरकवली. "दमा. आज तेवढाच काम हाय तुमाला."