‘आज’ या शब्दाची जागा

माझ्या बहिणीच्या शाळकरी मुलाला, आशिषला, मूठमाती देऊन आम्ही घरी आलो. ओट्यावर बसलेल्या दोघांच्या नखांत अजून ओली माती होती. एक आमच्या चर्चचे पाळक, दुसरे बहिणीचे दीर. दीर लग्नानंतर वेगळ्या पंथात गेले होते. वधस्तंभावरच्या येशूने शेजारच्या चोराला दिलेलं वचन पाळकांनी कबरीपाशी वाचलं होतं: मी तुला सांगतो, आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील.

दीर हळू आवाजात म्हणाले, “मूळ ग्रीकमध्ये विरामचिन्हं नव्हती, पाळकसाहेब. ‘मी तुला आज सांगतो’ असंही ते वाचता येतं. आम्ही मानतो, मेलेला माणूस न्यायाच्या दिवसापर्यंत निजलेला असतो.”

“आणि आम्ही मानतो, तो आजच पोचतो,” पाळक म्हणाले.

दोघंही सज्जन. ती लहानशी पेटी दोघांनीच खांद्यावरून नेली होती. मी ऐकत राहिलो. एका शब्दाची जागा बदलते आणि चर्चं वेगळी होतात, स्मशानं वेगळी होतात. इतक्या शतकांत ते वचन वाचणारे पुष्कळ झाले. ज्याला ते दिलं, तो चोर तेवढा परत येऊन काही बोलला नाही.

बहीण कधीची दारात उभी होती.

“भाऊजी,” ती म्हणाली, “निजलाय म्हणता, पण त्याला एकट्याला झोप लागत नाही हो.”

ती आत गेली आणि आशिषच्या अंथरुणावर, भिंतीकडची त्याची जागा सोडून, आडवी झाली.