त्याने हात वर केला होता

तोंडाळ माणूस म्हणून माझी ख्याती आहे आणि ती मी स्वतः कमावलेली आहे. दुबईपासून थोडं दूर, उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात, संगमरवर कापणाऱ्या एका यार्डाच्या मागे, मी बरीच वर्षं मोटरसायकलच्या शर्यती भरवल्या. त्या काळात मी ज्याला बोललो नाही असा माणूस सापडणं कठीण. बॅनर लावायला पुढे आणि धूळ उडाली की नाकाला रुमाल लावणाऱ्या स्पॉन्सर कंपन्यांच्या मॅनेजर लोकांना मी तोंडावर सुनावलंय. दुबईहून चकचकीत जॅकेटं घालून येणाऱ्या आणि "याचा ब्रेक कुठाय?" असं विचारणाऱ्या हौशी मंडळींना सरळ परतीचा रस्ता दाखवलाय. आता मी आठवणी लिहायला बसलोय म्हटल्यावर ओळखीच्या लोकांचे फोन यायला लागलेत, हा कुणाकुणाची अब्रू काढणार म्हणून. घाबरू नका. इथे कुणाचंच नाव नाही. एका माणसाचं नाव मला लिहिता येत नाही, म्हणून बाकीच्यांचीही गाळली.

ब्रेकचं आधी सांगून टाकतो. आमच्या शर्यती स्पीडवेच्या, आणि स्पीडवेच्या गाडीला ब्रेक नसतोच. मातीचा लंबगोल ट्रॅक, एका वेळी चार गाड्या, चार फेऱ्या आणि वळण कायम डावीकडे. वळणावर मागचं चाक मुद्दाम घसरू द्यायचं आणि डावा पाय जमिनीला टेकवून गाडी तोलायची. त्या पायाच्या बुटाखाली पोलादी पत्रा बांधलेला असतो, नाहीतर बूट एका दिवसात संपेल. हे वेड्यांचं काम आहे. मी पडलो कोल्हापूरचा, मला ते वेड तिथेच लागलं होतं. आठवडाभर ऑफिसात एक्सेल शीट भरायच्या आणि शुक्रवारच्या सुट्टीला सकाळीच टँकर बोलवून ट्रॅक भिजवून घ्यायचा, असा माझा संसार होता. बायको म्हणायची, तुम्हाला घरातल्या कुंडीला पाणी घालायला कधी सुचत नाही.

बघायला यायची ती माणसं मात्र सोन्यासारखी. रत्नागिरीची, साताऱ्याकडची, साइटवर सळ्या बांधणारी, शटरिंग करणारी. आठवड्याची एकुलती एक सुट्टी आमच्या धुळीत घालवायची. जागेचे मालक म्हणजे तिथले एक म्हातारे गृहस्थ. पहिल्या खुर्चीत बसून चहा पीत "यल्ला, यल्ला", चला चला, करत राहायचे. दुपारी सुरू केलेल्या शर्यती सूर्यास्ताच्या, मगरिबच्या अजानीआधी संपल्या पाहिजेत, एवढीच त्यांची अट होती.

या साइटवाल्यांनी आमच्याकडे एक पद्धत आणली. साइटवर कुणी उंचावरून पडला की वरचे लोक ओरडतात, "हात दाखव रे!" हात हलला की माणूस शाबूत. तेच ते आमच्याकडे करायला लागले. कुणी पडला की सगळी गर्दी उभी राहून ओरडायची, "हात दाखव!" पडलेला उठायचा, हात वर करायचा आणि असा काही गलका व्हायचा की जिंकणाऱ्याच्याही वाट्याला तो यायचा नाही. मी माइकवरून "आहे रे, आहे!" म्हणायचो. अँब्युलन्सवाले उठायला निघालेले असायचे, ते परत बसायचे. नियमाच्या पुस्तकात हे कुठेच नव्हतं. पण आमच्याकडे नियमापेक्षा ते मोठं झालं होतं.

आता त्याच्याविषयी. तो वसईचा, कॅथलिक, दुबईतल्या एका हॉटेलात मेंटेनन्सला. एसी, पंप, लिफ्टची मोटर, काहीही दुरुस्त करायचा. पहिल्यांदा आला तो नुसता बघायला. दुसऱ्यांदा आला तेव्हा एका बंद पडलेल्या इंजिनात हात घालून बसला होता. तिसऱ्यांदा मी त्याला गाडीवर बसवलं. लोकांना घसरायला शिकवावं लागतं, याला थांबायला सांगावं लागायचं. वळणावर सगळे थोडे थोडे दबतात, हा तिथेच गॅसची मूठ पिळायचा. मी खूप रायडर बघितलेत आणि त्यातले निम्मे फक्त हेल्मेट काखेत धरून फोटो काढण्यापुरते. हा खराखुरा होता. गाडीवरून उतरला की मात्र एकदम साधा. घाम पुसायचा, वडा खायचा, "चल रे, उद्या ड्युटी आहे" म्हणून बसमध्ये जाऊन बसायचा.

त्याचे फोटो मी कधी कुठे टाकले नाहीत. तशी त्याची अट होती. एकदा मी वैतागून विचारलं, "लेका, लोक फोटोसाठी जीव टाकतात, तुला काय धाड भरलीय?"

तेव्हा त्याने सांगितलं. त्याच्या बायकोचा भाऊ मोटरसायकलच्या अपघातात गेला होता, हायवेला, लग्नाच्या थोडं आधी. तिने याला चर्चमध्ये नेऊन आल्तारासमोर शपथ घ्यायला लावली होती, दोन चाकांना पुन्हा हात लावणार नाही म्हणून. तिथे त्याने ती पाळली. घरची स्कूटर विकली.

"आणि इथे?" मी विचारलं.

"इथे मी कोण आहे ते कुणाला ठाऊक आहे?" तो म्हणाला. "गाव वेगळं, माणूस वेगळा. तिला कळलं ना, तर ती रडणार नाही, ओरडणार नाही. फक्त माझ्यावर पुन्हा विश्वास ठेवणार नाही. ते मला परवडणार नाही."

मी हसलो होतो. मला ते घरगुती भानगडीसारखं वाटलं.

तो पडला तो साधा पडला. खरं सांगतो, त्याहून भयंकर पडझड मी डझनाने बघितली होती. पुढच्या गाडीच्या चाकाला चाक लागलं, हा उडाला आणि कुंपणाच्या फळीला डोक्याच्या बाजूने आपटला. गर्दी उभी राहिली. "हात दाखव!" तो उठला. गुडघ्यावर आला, मग उभा राहिला आणि हात वर केला. मी "आहे रे, आहे!" म्हणालो. मालकांनी टाळ्या वाजवल्या. अँब्युलन्सवाले खाली बसले. तो चालत सावलीत आला आणि हेल्मेट काढून म्हणाला, "थोडं गरगरतंय." आम्ही त्याला पाणी दिलं आणि पुढची शर्यत सुरू केली.

शर्यती संपल्यावर तो बसकडे निघाला आणि जमीनच सापडत नसल्यासारखा एका बाजूला कलंडला. कानातून रक्त आलं होतं. डॉक्टरांनी नंतर सांगितलं, कवटीला कानाजवळ तडा गेलाय. डाव्या कानाने ऐकू येणार नाही आणि तोल परत येईलच असं नाही. आपण पडलो कधी, उठलो कधी, त्याला काहीच आठवत नव्हतं. हात त्याने शुद्धीत वर केलाच नव्हता. गर्दी ओरडली आणि सवयीने तो वर गेला.

हॉस्पिटलात त्याने माझं मनगट धरलं. वेदनेबद्दल एक शब्द नाही, नोकरीबद्दल नाही.

"घरी शिडी सांगायची. शिडीवरून पडलो."

"अरे, आधी बरा तरी हो."

"शिडी. मी असताना आणि मी गेल्यावरसुद्धा. प्रॉमिस कर."

मी केलं. दुसरं काय करणार होतो?

तोल आला नाही. शिडीवर चढू न शकणारा मेंटेनन्सवाला हॉटेल किती दिवस ठेवणार? तो वसईला परत गेला. मी आणखी एक मोसम शर्यती भरवल्या. लोक म्हणतात जागा गेली म्हणून बंद झालं, आता तिथे गोडाऊन आहे ना. खोटं आहे. जागा नंतर गेली. गर्दी "हात दाखव" ओरडली की मी माइक बंद करून पाठ फिरवायचो. ज्याला पडलेल्याकडे बघवत नाही त्याने हा धंदा करू नये. मी खलास म्हटलं आणि चालू लागलो.

ख्रिसमसला फोन करायचो. एका कानाने नीट ऐकू येत नसल्यामुळे तो फोन स्पीकरवर ठेवायचा आणि वहिनी शेजारीच असायच्या. मग आम्ही पापलेटच्या भावावर बोलायचो, उन्हावर बोलायचो, माझ्या शुगरवर बोलायचो. इतकी वर्षं फोन केले, पण ट्रॅकचा एक शब्द आम्हा दोघांना बोलता आला नाही. कधीकधी तो मध्येच गप्प व्हायचा आणि मला कळायचं की तो कुठे आहे. मीही तिथेच असायचो. मग वहिनी म्हणायच्या, "भावोजी, आवाज जातोय का?"

गेल्या वर्षी तो गेला. हृदयविकार, झोपेत. मला फोनवर कळलं आणि मी स्वयंपाकघरात उभा राहून लहान पोरासारखा रडलो. माझा मुलगा आत आला, "डॅड, हू वॉज ही?" म्हणाला. मी म्हटलं, माझा मित्र. त्याहून जास्त सांगता आलं नाही.

या हिवाळ्यात त्याची मुलगी इथे आली. हॉटेलच्या फ्रंट ऑफिसला लागली. वहिनींनी माझा नंबर दिला होता, म्हणून ती दुबईत अल बर्शाला मला भेटायला आली. मॉलमध्ये कॉफी घेऊन बसलो. डोळे थेट बापाचे. खुर्चीत बसायची ढबही तीच, डावा खांदा जरा खाली.

"अंकल, तुम्ही पप्पांबरोबर होता ना, ते पडले तेव्हा?"

"होतो."

"मम्मीला कुणी डिटेल सांगितलंच नाही. म्हणजे, शिडी किती उंच होती?"

"फार नव्हती ग," मी म्हणालो. "पाय घसरला."

ती हसली, पण डोळे भरले होते. "आय न्यू इट. पप्पा इतके घाबरट होते ना अंकल! मला स्कूटी घ्यायची होती कॉलेजला, तर दोन दिवस जेवले नाहीत. सायकलच्या मागे पण कधी बसले नाहीत. माझ्या फ्रेंड्सचे डॅडी किती कूल, बाइकवरून सोडायला यायचे. मला लाज वाटायची. आता गिल्टी वाटतं." मग ती जरा पुढे वाकली. "इथे पण तसेच होते का? तुम्ही सांगा ना. इथले पप्पा मला माहीतच नाहीत."

तिला ते हवं होतं. माझ्यासमोर बसून ती बापाचा एखादा तुकडा मागत होती आणि माझ्याकडे तो अख्खा होता. वळणावर मूठ पिळणारा, शेकडो माणसांना एका वेळी उभं करणारा. सांगितलं असतं तर ती आयुष्यभर मान वर करून चालली असती. आणि संध्याकाळी तिने वसईला फोन लावला असता. लावणारच, आईला नाही तर कुणाला सांगेल?

माझं तोंड आयुष्यात कुणाला आवरलं नाही. त्या दिवशी मी ते आवरलं.

"हो बाळ," मी म्हणालो. "इथेही फार जपून असायचे. रस्ता ओलांडतानासुद्धा माझा हात धरायचे."

तिने मान हलवली, डोळे पुसले आणि मेट्रोकडे गेली. ज्याच्याइतका धीट माणूस मी पुन्हा पाहिला नाही, त्याच्या लेकीला मी स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं की तुझा बाप घाबरट होता.