सातची स्प्रिंग

त्याला सगळे पंपदादा म्हणत, ते एका सायकलच्या पंपामुळे. गॅरेजात शिरल्यावर डाव्या हाताला, खिळ्याला, फडक्यात गुंडाळून तो टांगलेला असे. वीस वर्षं टर्बोच्या गाड्यांत हात काळे केलेला माणूस सायकलच्या पंपाला एवढं जपतो याची गिऱ्हाइकांना गंमत वाटायची. पंपदादाचं म्हणणं सरळ होतं. स्प्रिंगवर कंपनीने फासलेल्या रंगावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता.

"एकाची पिवळी सात पौंडांची, दुसऱ्याची पिवळी चौदाची. रंग काय, भिंतीलाही देतात."

म्हणून हाती आलेली प्रत्येक स्प्रिंग तो आधी टेबलावर, वेस्टगेटमध्ये बसवून बघायचा. पंपाची नळी जोडायची, काट्यावर डोळा ठेवायचा आणि हळूहळू हवा मारायची. ज्या पौंडाला झडप उचलेल तो आकडा खडूने टेबलावर लिहायचा. त्यानंतर ती स्प्रिंग कुठल्या रंगाची आहे ते त्याच्या लक्षातही राहत नसे.

कुणी विचारलंच, तर तो रंगात येऊन सांगे. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुरावर फिरणारा भोवरा. तो इंजिनात हवा कोंबतो. हवा जास्त, की पेट्रोल जास्त, की ताकद जास्त. पण मेल्याला पुरे म्हणणं ठाऊक नाही. पंगतीत आग्रह करणाऱ्या आत्यासारखा कोंबतच राहतो, पोट फुटेपर्यंत. म्हणून धुराला बाजूने निसटायला एक दार ठेवलेलं असतं, ते वेस्टगेट. दार कितव्या पौंडाला उघडायचं, ते आतली मुठीएवढी स्प्रिंग ठरवते. एवढं सांगून झालं की तो आपली मूठ उघडून दाखवायचा, जणू स्प्रिंग तिथेच बसली आहे.

त्या मंगळवारी दुपारी धाकटी बहीण गॅरेजात आली. ती तशी कधी यायची नाही. तिला ऑइलच्या वासाने मळमळे. आज मात्र ती जुन्या टायरवर पदर सावरून बसली आणि समोर रचलेल्या टायरांकडे बघत राहिली.

"बोल की," पंपदादा म्हणाला. "टायर बघायला आलीस का?"

"शनिवारी परत घाटाची शर्यत आहे त्यांची."

तिचा नवरा, घरचे जावईबापू, विम्याच्या कचेरीत होता. दिवसभर लोकांना अपघाताची भीती घालणारा हा माणूस सुट्टीच्या दिवशी हेल्मेट घालून घाटातल्या वळणांवर गाडी फेकायचा. गेल्या खेपेला खांद्याचं हाड मोडून घेतलं होतं. पंपदादा तेव्हा म्हणालाही होता, "जावईबापू, स्वतःचा विमा कुणाकडे उतरवलाय?" सगळे हसले होते. धाकटी हसली नव्हती.

"बूस्ट, म्हणजे तो टर्बोचा दाब, वाढवून घ्यायला ते उद्या येतील तुझ्याकडे," ती म्हणाली. "तू नाही म्हण."

"मी नाही म्हटलं तर तो चौकातल्या वेल्डरकडे जाईल. तो रंग बघून स्प्रिंग टाकतो."

धाकटीने नखाने टायरची माती उकरली. "माझं ते ऐकत नाहीत, दादा. सांगून सांगून थकले. पण गाडी तुझं ऐकते ना? मग तू गाडीलाच सांग."

पंपदादाने हात पुसले. पुसून झाले तरी पुसतच राहिला.

"सांगतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी जावईबापू आले ते आधीच ठरवून. "दादा, चौदाची टाका. आणि डॅशबोर्डवर नॉब द्या. रोजच्याला मी कमी करून चालवीन, घाटात वाढवीन."

"असं नसतं ते. नॉब बूस्ट वर चढवतो. स्प्रिंगच्या खाली आणत नाही. चौदाची टाकली की चौदा हा तळमजला. त्याच्याखाली तळघर नाही."

"मग?"

"मग सातची. नॉब पुढच्या खेपेला बघू."

"सात? अहो, सातला माझी सासू पण चालवेल!"

"तुझी सासू माझी आई आहे, जरा जपून."

जावईबापू हसले, कुरकुरले, पण तयार झाले. पंपदादाने तीन स्प्रिंगा पंपाला लावून पाहिल्या आणि एक निवडली. काटा सातावर आला की झडप अलगद उचलायची, झोपेतल्या माणसाची पापणी उघडावी तशी. त्याला ते इतकं आवडलं, की त्याने जावईबापूंना वाकून बघायला लावलं. तिथेच त्याची जीभ सुटली. कामातलं काही विचारणारा समोर असला की ती नेहमीच सुटायची.

"ही बारकी रबरी नळी बघितलीस? बोटाएवढी आहे, पण सगळा कारभार हिच्यावर. टर्बोचा दाब हिच्यातून वेस्टगेटला कळतो. ही निसटली, की दाराला काही कळतच नाही. बंद ते बंदच. मग आत सातची स्प्रिंग असो नाहीतर सत्तरची. म्हणून हिला दोन्ही टोकांना क्लिप लावायची, आणि ती गच्च आवळायची."

"हं," जावईबापू म्हणाले.

एका वाक्यात दहा प्रश्न विचारणारा माणूस नुसता 'हं' म्हणाला. पंपदादाला त्याचं तेव्हा काही वाटलं नाही. उलट बरंच वाटलं, की कुणीतरी मन लावून ऐकलं.

शुक्रवारी दुपारी गाडी पुरी झाली. गॅरेजमागून एक सरळ चढ पाण्याच्या टाकीपर्यंत जातो. तिथे एक चक्कर मारून बघायचं ठरलं. धाकटीही आली होती. ती मंगळवारच्याच टायरवर बसली. पंपदादा आत पाना आणायला गेला, तेवढ्यात जावईबापूंनी "वॉशरला पाणी आहे का बघतो" म्हणत बॉनेट उघडलं आणि मिटलं.

"जपून हो," धाकटी म्हणाली.

"सातची स्प्रिंग आहे, काळजी काय करतेस?" म्हणून ते निघाले.

पंपदादा मागच्या दारात उभा राहिला. या गाडीच्या वेस्टगेटचा धूर आखूड पाइपातून थेट बाहेर पडायचा. दार उघडलं की मांजरपाट फाडल्यासारखा फर्रर्र आवाज व्हायचा. तो त्या आवाजाचीच वाट पाहत होता. दुसरा गिअर पडला. टर्बोची शीळ चढू लागली. आता, तो मनात म्हणाला. आता उघडेल.

शीळ चढतच गेली.

"किती शांत चाललीय, नाही?" धाकटी म्हणाली. तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी सैल झाला होता. "मागच्या वेळी केवढी फाडफाड करायची. खरंच ऐकते रे तुझं."

पंपदादाची नजर खाली गेली. गाडी उभी होती तिथे जमिनीवर एक बारकी क्लिप पडली होती. पाच पैशाच्या नाण्याएवढी, चकचकीत. परवाच त्याने स्वतःच्या हाताने आवळलेली. ती उचलून त्याने खिशात टाकली.

त्याने खिशातला फोन काढून लावला. फोन गॅरेजातच टेबलावर वाजला. जावईबापू तो तिथेच विसरून गेले होते. चढावर ओरडून उपयोग नव्हता. उघडायच्या वेळी दार उघडलंच नाही, असं त्याने वीस वर्षांत बाहेर उभं राहून कधी ऐकलं नव्हतं. तिसरा गिअर पडला. शीळ कानात सुईसारखी घुसली, आणि मग ओल्या गादीवर काठी मारावी तसा एक धप्प आवाज झाला. त्यानंतर काहीच नाही.

"पोचले वाटतं," धाकटी म्हणाली.

तो धावला.

गाडी चढाच्या मध्यावर, रस्त्याच्या कडेला तिरकी उभी होती. बॉनेटच्या फटींतून निळा धूर येत होता. जावईबापू दगडावर बसले होते. डोळे लकाकत होते.

"एकवीस, दादा! काटा एकवीसला गेला! काय ढकललं तिने, आई शप्पथ!"

"नळी कुठाय?"

जावईबापूंनी शर्टाच्या खिशातून ती काढली आणि लाजल्यासारखी पुढे केली. पंपदादाने घेतली. खिशातल्या उबेने कोमट होती.

मागून धाकटी धापा टाकत आली. आधी तिने नवऱ्याला चाचपलं, हात, खांदे, मान. मग भावाकडे वळली.

"तू सांगितलं होतंस ना तिला?"

"सांगितलं होतं."

"मग असं करायला यांना कुणी शिकवलं?"

"कोण शिकवणार?" जावईबापू म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात चक्क कौतुक होतं. "दादांनीच. एवढं नीट कुणी समजावून सांगत नाही हो. दादा, आता आत पिस्टन जरा मजबूत टाकू या. म्हणजे एकवीस पेलेल. नाहीतर मग त्या वेल्डरला विचारतो."

धाकटी भावाकडे बघत राहिली. मग नवऱ्याचा दंड धरून त्याला दगडावरून उठवू लागली.

पंपदादाने बॉनेट उघडलं. इंजिन मेलं होतं, ते वासावरूनच कळत होतं. तरी तो वाकला, खिशातली क्लिप काढली, नळी तिच्या जागी सरकवली आणि क्लिप आवळू लागला. गच्च बसली, तरी आवळतच राहिला.