काकांचा उलटा हात

सिंगापूरच्या ईस्ट कोस्ट भागातल्या आमच्या काँडो सोसायटीत राहणारे हे काका कुणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवत नाहीत. आधी उलटा हात लावून बघतात, मग तो चहाचा कप असो, तापलेलं पोर असो, नाहीतर इंजिन.

आमची जुनी डिझेल गाडी रोज सकाळी सुरू व्हायला छळायची. काका म्हणाले, "गाडी थंड असतानाच बघायला हवी." "सिंगापूरमध्ये कसली आलीय थंडी?" माझा नवरा म्हणाला.

"थंड म्हणजे रात्रभर उभी असलेली," काका म्हणाले. "उद्या मी येईपर्यंत किल्ली फिरवू नका."

सकाळी त्यांनी बॉनेटला हात लावला. गरम होतं.

"कोणी चालू केली?"

"छे, कोणीच नाही," नवरा म्हणाला. काकांसमोर फजिती नको म्हणून तो पहाटेच गुपचूप खाली जाऊन गाडी चालू करून आला होता.

"बरं. उद्या सकाळी येतो."

दुसऱ्या दिवशी गार इंजिन आधी नुसतंच कुरकुरलं. काकांनी फिल्टरवरचा हातपंप दाबून डिझेल चढवलं आणि गाडी लगेच सुरू झाली.

"पाईपमध्ये हवा शिरतेय. रात्रीतून डिझेल मागे उतरतं. पाईप बदला."

मी त्यांना चहाला वर आणलं. कालच्या त्या खोट्यावरून आम्हा नवरा-बायकोचं बोलणं बंद होतं. नवऱ्याचा सकाळचा चहा टेबलावर तसाच भरलेला होता.

"काय, सगळं ठीक ना?"

"एकदम मजेत," आम्ही दोघं एकदमच म्हणालो.

काकांनी त्या कपाला उलटा हात लावला. गार होता. मग आमच्याकडे न बघता ते उठले आणि दारात चपला चढवत म्हणाले, "उद्या सकाळी येतो."